परतूरचं लॉगिन

आजही कुणी मला 'पासवर्ड बरोबर टाका' असं सांगितलं की डोक्यात तिडीक जाते. बँकेतला असो नाहीतर फोनवरचा मदतनीस असो, त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. तरी मी त्याच्यावर वसकन ओरडते आणि घरचे एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत. जुन्या जालन्यातल्या त्या पेढीत त्यांनी एक हंगाम काढला असता तर त्यांचंही असंच झालं असतं.

गोष्ट दोन हजार सालाच्या आसपासची. बियाण्यांचा घाऊक व्यापार करणारी ती पेढी होती आणि मी तिथे कॉम्प्युटर सांभाळायला होते. नेमणुकीच्या कागदावर सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर असं भारदस्त पद होतं, पण पेढीत मी सगळ्यांची कॉम्प्युटरवाली मॅडम. खाली गादीवर मोठे शेठ बसत. पांढरी चादर, लोड, मागे लक्ष्मीची तसबीर. वर काचेच्या केबिनमध्ये त्यांचे चिरंजीव, धाकटे शेठ. कॉम्प्युटरचं हे प्रकरण त्यांनीच हौसेने आणलेलं. आणि या दोघांच्या मधे, जिन्याच्या तोंडाशी, मुनीमजी. पेढीतलं पान मुनीमजींना विचारल्याशिवाय हलत नसे. त्यांच्या गालात कायम तंबाखू, आणि ती थुंकायला त्यांना जागा सापडली होती ती नेमकी माझ्या सर्व्हरच्या खोलीची खिडकी.

त्या खोलीबद्दल एकदा बोलून घेते. पूर्वी तिथे फवारणीची औषधं ठेवत. तो वास भिंतीत असा मुरला होता की संध्याकाळी घरी गेल्यावर माझ्या ओढणीलाही यायचा. खिडकीचा गज तंबाखूने लाल-तपकिरी. सर्व्हरच्या कपाळी कुंकवाची बोटं, अंगावर झेंडूचा हार. हाराच्या पाकळ्या सुकून आतल्या पंख्यात जायच्या आणि पंखा घरघरायला लागायचा. कीबोर्डची दोन बटणं पेढ्याने कायमची चिकटलेली. मी ते स्पिरिटने पुसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कुणीतरी भक्तिभावाने हळद लावून ठेवायचा. मला शिसारी यायची. देवाची नाही हो, त्या चिकटपणाची.

व्यवस्था साधी होती. मुख्य कॉम्प्युटर, म्हणजे सर्व्हर, जालन्यात. परतूर आणि बदनापूर इथे पेढीचे डेपो. डेपोच्या माणसाने सकाळी टेलिफोनच्या तारेला मोडेम जोडून जालन्याच्या सर्व्हरला फोन लावायचा. कर्रर्र असा आवाज होऊन गाठ पडली की पडद्यावर सर्व्हर विचारायचा, तुझं नाव काय, पासवर्ड काय. ते बरोबर असलं की लॉगिन झालं, आत आलात, बिलं करा. आणि बिल निघाल्याशिवाय बियाण्याची पिशवी डेपोबाहेर जात नसे, कारण कुठल्या लॉटचं बियाणं कुणाला दिलं हे बिलावरच छापून यायचं.

परतूरच्या डेपोत एक मुलगी होती. बी.कॉम. झालेली, टायपिंग पक्कं, जवळच्याच खेड्यातल्या शेतकरी घरातली. रोज जीपने यायची आणि डेपोचं शटर उघडताना हजर असायची. वडिलांनी तिला एका अटीवर पाठवलं होतं. हंगाम संपल्यावर नोकरी कायम झाली तर कर, न्हाईतर घरी ये आणि आम्ही सांगू तिथं लग्न कर. हे तिनेच मला फोनवर हसत हसत सांगितलं होतं, आणि त्याला जोडूनच विचारलं होतं, "मॅडम, कायम करतेत ना हो इथं?" मी म्हटलं, तुझ्यासारखीला नाही करणार तर कुणाला करणार. मला खरंच तसं वाटत होतं.

पेरणीचे दिवस जवळ आले आणि परतूरचं लॉगिन होईनासं झालं. दिवसभर नाही. फक्त सकाळी. ती नाव टाकायची, पासवर्ड टाकायची आणि पडद्यावर उत्तर यायचं, 'लॉगिन इनकरेक्ट'. पुन्हा टाकायची, पुन्हा तेच. बाहेर खेड्यापाड्यांतले दुकानदार टेम्पो लावून उभे. ते आधी चहा प्यायचे, मग घड्याळ बघायचे, मग तिच्या टेबलापाशी येऊन आवाज चढवायचे. कधी अर्ध्या तासाने, कधी दीड-दोन तासांनी तेच नाव, तोच पासवर्ड सर्व्हर निमूटपणे घ्यायचा. तोवर तिची अब्रू बाजारात निघालेली असायची.

ती पेढीवर फोन करायची. त्या वेळी मी आलेली नसायचे, कारण संध्याकाळी उशिरापर्यंत थांबून दिवसभराच्या कामाची नक्कल काढून ठेवणं माझ्याकडे होतं, म्हणून मला सकाळी उशिरा यायची मुभा होती. फोन मुनीमजी घ्यायचे. त्यांचं उत्तर ठरलेलं. "नाव-पासवर्ड बराबर टाका बाई. मशीन कव्हा खोटं बोलत न्हाई."

मी पोचेपर्यंत सगळं सुरळीत चाललेलं असायचं. मी जालन्यातून तिच्या नावाने लॉगिन करून बघायचे, होत होतं. पासवर्ड बदलून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. मला टेलिफोनच्या तारेचा संशय आला. तार खराब असली की टाइप केलेली अक्षरं वाटेत बिघडतात, 'क' पाठवला की भलतंच काही पोचतं. टेलिफोनवाल्यांच्या मागे लागून तार तपासून घेतली. मोडेम बदलला. केबल बदलली. बदनापूरहून एकही तक्रार नव्हती, त्यामुळे पेढीतल्या लोकांचा निकाल लागलेला होता. बदनापूरचा डेपो सांभाळणाऱ्या भाऊंना जमतं, तर परतूरच्या बाईला का जमत नाही? दुपारी डबे उघडले की हाच विनोद. "परतूरच्या बाईला सोताचं नाव येत न्हाई." एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी खिदळायचं. मीही तिथेच बसून जेवायचे. घास घशाखाली उतरायचा नाही असं म्हणणं खोटं होईल. उतरायचा, पण त्या माणसांकडे बघवत नसे.

शेवटी मी सकाळच्या पॅसेंजरने परतूरला गेले. डेपो उघडायच्या वेळी तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. तिने नाव टाकलं. एकेक अक्षर मी डोळ्यांनी पाहिलं. पासवर्ड टाकताना तिने माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं, माझ्यासमोर मोठ्याने म्हणत टाक. तिने म्हणत म्हणत टाकला. इनकरेक्ट. मी तिला उठवलं आणि स्वतः बसले. इनकरेक्ट. बाहेरचा एक दुकानदार काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "घ्या! जालन्याच्या मॅडमलाबी येईना." त्या सकाळी ती पहिल्यांदा हसली. मला मात्र काही सुचेना. अक्षरं बरोबर पोचत होती, गाठ पडत होती, सर्व्हर जागा होता, आणि आपल्याच माणसाला ओळख देत नव्हता. सव्वा-दीड तासाने, काहीही न करता, त्याने आम्हाला आत घेतलं.

परतीच्या गाडीत मला एक गोष्ट लक्षात आली आणि मी कपाळावर हात मारून घेतला. बदनापूरचे भाऊ औरंगाबादला राहत. त्यांची गाडी रोज उशिरा येई, मग स्टेशनवर चहा, मग डेपो. ते मुळात लॉगिनच अकराच्या पुढे करत! सकाळी वेळेवर लॉगिन करणारं अख्ख्या कारभारात एकच माणूस होतं, आणि ते परतूरला होतं. म्हणजे दोष परतूरचा नव्हता, सकाळचा होता. आणि सकाळी जालन्यात काय चालतं हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेढी झाडायला येणाऱ्या बाईच्या मागोमाग मी आत शिरले. खोलीत जाऊन कोपऱ्यात खोक्यांवर बसले. थोड्या वेळाने मुनीमजी आले. खिडकीतून थुंकले. उदबत्ती लावली, सर्व्हरला ओवाळली, खुर्चीत बसले आणि मुख्य पडद्यावर अगदी सराईतपणे एक आकडा दाबला. तो आकडा मला चांगला माहीत होता. संध्याकाळी नक्कल काढताना मधेच शाखेतून कुणी आत घुसू नये, म्हणून सॉफ्टवेअरवाल्यांनी ती सोय करून दिली होती. तो आकडा दाबला की सगळ्या शाखांच्या नावांना कुलूप. मग शाखेतल्या माणसाने कितीही अचूक नाव टाकलं तरी सर्व्हर म्हणणार, इनकरेक्ट. आत का घेत नाही ते तो सांगत नाही. चोराला सुगावा लागू नये म्हणून ते तसंच केलेलं असतं.

"मुनीमजी, हे काय करून राहिलात?"

ते दचकले. मग हसले. "आल्त्या व्हय मॅडम? काही न्हाई, शाखा बंद केल्या. मोठ्या शेठची बोहणी व्हायची ना अजून."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, लहान मुलीला सांगावं तसं. पेढीचा रिवाज असा की दिवसाची पहिली विक्री, म्हणजे बोहणी, गादीवरूनच व्हायची. एक नंबरचं बिल मोठ्या शेठच्या हातचं. शेठना टाइप करता येत नसे, कारकून सगळं भरून द्यायचा आणि ते देवाचं नाव घेऊन शेवटचं एंटरचं बटण तेवढं स्वतः दाबायचे. पूर्वी परतूरचा हिशेब कागदावर यायचा, त्यामुळे अडचण नव्हती. यंदा डेपो फोनवरून जोडले गेले आणि एके सकाळी परतूरच्या मुलीने वेळेवर येऊन एक नंबरचं बिल काढून टाकलं. त्याच दिवशी मालाचा ट्रक कुठेतरी कलंडला. तेव्हापासून मुनीमजी शेठ येईपर्यंत शाखांना कुलूप लावत होते. शेठचं फिरणं, पूजा, नाश्ता. अमावास्या असली की आणखी उशीर.

"आणि ती रोज फोन करते तेव्हा तुम्ही तिला काय सांगता? पासवर्ड बरोबर टाका?"

"मंग काय सांगू? शेठची बोहणी न्हाई झाली, थांबा म्हनू? बाहेर दुकानदार उभे. असं फोनवर बोलतेत का? चांगलं दिसतं का ते?"

"कुणाकुणाला माहीत आहे हे?"

मुनीमजींना प्रश्नच कळला नाही. "सगळ्यायला," ते म्हणाले. "ही काय लपवायची गोष्ट हाये का?"

सगळ्यांना! डबे उघडून खिदळणाऱ्या त्या सगळ्यांना. तिला स्वतःचं नाव येत नाही म्हणून हसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं की कुलूप इथून लागतं. खोटं बोलणाऱ्या माणसाची मला चीड येते, पण ही चीड नव्हती. ताटात झुरळ निघावं आणि बाकीच्यांनी ते बाजूला सारून जेवत राहावं, तसं मला झालं. मी खाली येऊन नळावर तोंड धुतलं.

धाकटे शेठ आल्यावर मी काचेच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. ते शिकलेले होते, पुण्यात राहून आलेले. मला वाटलं, हे तरी चमकतील. ते म्हणाले, "हो, ते आहे. बाबांचं असतं ना." त्यांनाही माहीत होतं! मी तार तपासत होते, मोडेम बदलत होते, गाडीने परतूर गाठत होते, आणि प्रत्येक खर्चाच्या कागदावर सही करणाऱ्या या माणसाला माहीत होतं.

"मग मला सांगितलं का नाही?"

"मॅडम, तुम्ही टेक्निकल बघता. हे टेक्निकल नाही." वर म्हणाले, "बाबांना न दुखावता काही करता आलं तर बघा की."

करता आलं. त्यात काही अक्कलहुशारी नव्हती. गादीच्या बिलांचा क्रम वेगळा केला, परतूरचा वेगळा, बदनापूरचा वेगळा. शेठ कधीही येवोत, गादीचं एक नंबरचं बिल त्यांचंच. दुपारच्या चहाच्या आत काम झालं. मग मी खाली जाऊन मोठ्या शेठसमोर चादरीच्या कडेला बसले आणि त्यांना कागदावर आकडे काढून दाखवले. म्हातारा हुशार होता, दोन वाक्यांत समजला. "म्हंजे एक नंबर माझाच?" म्हटलं, तुमचाच, रोज. "मंग हे आधी का न्हाई केलं? बिनकामी लोकं खोळंबून राह्यले." त्यांनी पेढे मागवले. मुनीमजींनी त्यातला एक सर्व्हरपुढे ठेवला. मी तो उचलून खिडकीबाहेर टाकला. मुनीमजी बघत राहिले, आणि मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतूरचं लॉगिन पहिल्या झटक्यात झालं. तिचा फोन मी स्वतः घेतला. "मॅडम, झालं! बिलकुल जल्दी झालं!" मी तिला कुलपाचं सगळं खरं सांगितलं. तिने ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "म्हंजे माझं बराबर होतं?" पहिल्या दिवसापासून बरोबर होतं, मी म्हटलं.

हे मिटलं असं समजून मी धाकट्या शेठना म्हटलं, आता तिला कायम करून टाका. ते कागद चाळायला लागले. परतूरच्या एका मोठ्या दुकानदाराने आधीच गादीवर येऊन तक्रार केली होती की तुमच्या बाईला कॉम्प्युटर येत नाही. आणि मोठ्या शेठनी त्याच्यासमोर शब्द दिला होता की काढून टाकतो. आठवडा संपला की ती जाणार होती.

"पण तिची चूक नव्हती हे आता शेठनाही कळलंय."

"कळलंय. पण बाबांनी चारचौघांत सांगितलेलं फिरवायचं कसं? त्या दुकानदाराला काय सांगू, आमची बोहणी व्हायची होती म्हणून?" मग त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. "तुम्ही टेक्निकल कारण तेवढं लिहून द्या. लॉगिनमध्ये वारंवार चुका."

मी कागद त्यांच्याकडे परत सरकवला. म्हटलं, लिहीन तर कुलपाचं लिहीन. ते म्हणाले, "राहू द्या." मुनीमजींनी कारकुनाकडून लिहून घेतलं. मी महिन्याभरात ती पेढी सोडली, पण त्याने परतूरला काय फरक पडणार होता?

तिचा शेवटचा दिवस होता तेव्हा मी परतूरला गेले. तिने टेबल पुसून ठेवलं होतं, किल्ल्या मोजून दिल्या, मोडेमवर फडकं घातलं. रडली वगैरे नाही. डेपोबाहेर आल्यावर म्हणाली, "मॅडम, एक काम कराल? घरी चला. गावात झालंय की पोरीला सोताचं नाव टाकता आलं न्हाई म्हणून हाकललं. माझं कुणी ऐकत न्हाई. तुम्ही बाबांना सांगा की माझं बराबर होतं."

आम्ही जीपने तिच्या गावी गेलो. वडील ओसरीवर बाजेवर बसले होते. मला बघून उठले, बाज रिकामी करून दिली, स्वतः खाली पोत्यावर बसले. आईने पाणी आणलं, चहा टाकला. मी त्यांना सगळं सांगितलं, अगदी सोपं करून. तुमच्या मुलीचं काही चुकलं नाही. नाव बरोबर होतं, पासवर्ड बरोबर होता. कुलूप जालन्यातून लावत होते, मोठ्या शेठची बोहणी होईपर्यंत.

ते लक्ष देऊन ऐकत होते. बोहणीचं ऐकून त्यांनी मान हलवली. "धंद्याला बोहणी लागतीच," म्हणाले. मग मुलीकडे वळून, "म्हंजे तुझं चुकलं न्हाई?" ती दारात उभी होती. म्हणाली, "न्हाई."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांनी मला विचारलं, "मंग हे शेठला कळलं का?"

"हो, कळलं. मीच सांगितलं."

"हां," ते म्हणाले, आणि डोक्यावरची टोपी नीट केली. "मंग परत कव्हापासून बोलवून राह्यले तिला?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती खाली बघत होती. मी म्हटलं, "नाही बोलवत."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग मुलीला म्हणाले, "चहा झाला का बघ. मॅडमची जीप जाईल."